केसरबाईनं नाव घेतलं

केसरबाईचा राग दिंद्रुडात तिच्या आधी पोचायचा. आडावर आधी घागर आपटल्याचा आवाज यायचा, मग बाई. त्या चैत्रात तर तिचा राग दोन सालं मुरलेला होता.

नवरा गहिनीनाथ इंग्रजांच्या लढाईत खेचरं हाकायला समुद्रापल्याड बसऱ्याला गेलता. "जत्रेच्या आत येतो," म्हणाला आणि दोन जत्रा हुकल्या. महादेवाच्या चार-पाच काठ्यांपैकी एकीचा मान त्याच्या घराकडं. घरच्या पुरुषानं तेलगावच्या वेशीपासून दिंद्रुडच्या देवळापर्यंत काठी पळवत आणायची, वाटेत जमिनीला टेकू द्यायची नाही. तिसरी जत्रा हुकली की मान भाऊबंदांकडं. आणि भाऊबंद म्हणजे सुंदरराव. तहशील कचेरीत उठबस, त्यामुळं जिभेवर कायम कायदा. गूळ चघळत बोलल्यासारखं म्हणायचे, "वहिनी, आमी काय बोलणार? कायदा तो कायदा."

जत्रेच्या आदल्या सांजेला गहिनीनाथ दारात उभा राहिला. बोटीनं मुंबई, रेल्वेनं जालना, पुढं पायी. डोळे खोल गेलेले. ओसरीवर बसला तरी डुलत होता.

"ढोसून आलात का?" केसरबाईनं विचारलं.

"न्हाई. जमीन हलतीय. बोटीत लई दिवस..."

"जमीन हितंच हाय. आमी बी हितंच होतो. हललात ते तुमीच." तिनं भाकरी ताटात आदळली. "खावा. सकाळी पळायचंय."

"उद्याच?"

"मग काय, आणखी एकदा बसऱ्याला जाऊन आल्यावर?"

सकाळी सगळ्या मानाच्या घरांच्या काठ्या पळाल्या. निम्म्या वाटेवर, ओढ्याकाठी बायका पाणी घेऊन उभ्या. केसरबाई तांब्या असा धरून होती की आता कुणाच्या तरी डोक्यात घालील. सगळ्यांच्या मागून गहिनीनाथ आला. पाय फाकलेले, अजून बोटीवरच असल्यासारखे. शेजारी तट्टावर सुंदरराव, खुशीत.

गहिनीनाथ पाणी न घेताच ओढा ओलांडून गेला. पलीकडं वाट फुटते, उजवी दिंद्रुडाला, डावी मोकळ्या रानात. हा मिटल्या डोळ्यांनी डावीकडं निघाला. काठीचं टोक खाली झुकत चाललं.

कुणीतरी हाक मारायला तोंड उघडलं, तर सुंदररावांनी हात वर केला. "धावत्याला परक्यानं टोकायचं न्हाई. कायदा तो कायदा."

"अहो," केसरबाई ओरडली.

पुढं पळणाऱ्या तिघांनी वळून पाहिलं. तट्टावरून सुंदररावांनीही. ज्यानं बघायचं तो तेवढा चाललाच.

"अवं, अहो."

परत तेच तिघं.

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही उखाण्यात, नणंदेनं चिमटा काढल्यावर. आता उखाणा जुळवायला सवड नव्हती.

"गहिनीनाथ," ती कडाडली, "उजवीकडं व्हा. न्हाईतर जावा तसंच बसऱ्याला."

बायकांनी पदर तोंडाला लावले. नाव घेतलं, पण 'व्हा' म्हणाली, तेवढी मर्यादा तिनं पाळली. गहिनीनाथ थांबला. काठी सरळ केली. उजवीकडं वळला. उरलेली वाट केसरबाई तांब्यासकट मागं, तोंड चालूच. तिच्या तोंडाला भिऊनच तो पळाला असं लोक म्हणतात. पोचला सगळ्यांत शेवटी, पण काठी टेकली नाही.

सुंदरराव तट्टावरून उतरले. "वहिनी, बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं. काठी बाटली म्हणायची."

"परक्यानं टोकायचं न्हाई, असं तुमीच म्हणालात ना, भावजी? मी परकी हाय का त्यांना?"

सुंदररावांच्या तोंडातला गूळ संपला.

"बोला की," केसरबाई म्हणाली. "कायदा तो काय?"

घराकडं जाताना गहिनीनाथ हळूच म्हणाला, "तिकडं समदे 'ए खेचरवाला'च म्हणायचे. माझं नाव मीच इसरलतो."

केसरबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या पायांना आलेल्या फोडांवर ओतलं. "इसरा परत. म्या काय रोज घेणार न्हाई."

आणि नाहीच घेतलं. पुढं जन्मभर ती 'अहो'च म्हणाली, आणि आडावरचे दोन-चार पुरुष दचकून वळत राहिले.