इस्त्री केलेला नकाशा

लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा मी फार हुशार होते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये खाली एक पंजाबी बाई राहायच्या. त्यांना मी तोऱ्यात सांगितलं, "हमारे साहब का जहाज ऊपर जाता ही नहीं. खेत पर दवा छिड़कते हैं. गिर भी गए तो क्या, एक मंज़िल!"

"बहनजी," त्या म्हणाल्या, "मेरा गमला भी एक ही मंज़िल से गिरा था."

मी खो खो हसले. गमला म्हणजे कुंडी, एवढंच मला कळलं होतं.

हे फवारणीचं विमान चालवायचे. आठवडाभर पश्चिम उत्तर प्रदेशात उसाच्या शेतांवर, शनिवारी संध्याकाळी घरी. "उंचावर काही बिघडलं तर विचार करायला वेळ असतो," हे सांगायचे, "उसाच्या शेंड्यावर नसतो. आणि तार दिसत नाही गं, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे असं धरून चालायचं." मी हूं हूं करत मटार सोलायची. प्रत्येक शेताभोवती हे आधी पायी फिरत आणि नकाशा काढत. झाडं निळ्या शाईनं, तारा लाल. तो कागद शर्टाच्या खिशात.

घरी नियम एकच होता: औषधाचा वास लागलेला शर्ट आल्या आल्या वेगळ्या बादलीत. एका शनिवारी मी तो इतका चोख पाळला की खिसा बघितलाच नाही.

लाल शाई विरघळून सगळं शेत गुलाबी झालं होतं. एका कोपऱ्यातली तार तर गेलीच होती. हे शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. शहाण्या बाईनं चार पावलं टाकून सांगितलं असतं. मी कागदाला इस्त्री केली. चार घड्या घालून धुतलेल्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला. यांच्या लक्षात असेलच, म्हटलं. हे रागावतील याचीच भीती होती. बाकी कशाची भीती वाटायला जी अक्कल लागते ती आली नव्हती.

ती सोमवारी सकाळी आली. हे पहाटेच गेले होते. मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले तर ऊन थेट डोळ्यांवर. भिंतीतले दोन खिळे दिसत होते, मधली तार दिसतच नव्हती. हात पुढे केला तेव्हा बोटांना लागली.

ओला टॉवेल हातात तसाच. शेतावर फोन नाही. आईला पत्र लिहिलं तर चार दिवस लागणार, आणि लिहिणार काय? खाली बाजारात माणसांची ही झुंबड, पण 'मी असं असं केलंय' म्हणून सांगावं असं एक माणूस नाही. खालच्या बाई दिसल्या की मी आत व्हायची. त्या गमल्याचं काही बोलतील असं वाटायचं. आठवडाभर एकटीपुरता भात टाकला आणि तोही उरला.

शनिवारी हे आले. चहा घेतला. मग म्हणाले, "अगं, नकाशाला इतकी कडक इस्त्री नको करत जाऊस. खिशात टोचतो."

"मग?" मी कपबशी उचलत विचारलं.

"मग काय, पुन्हा फिरलो शेताभोवती. बिस्कीट आहे का?"

रागावले असते तर माझी उत्तरं तयार होती. सगळी वाया गेली. त्या दिवसापासून शर्ट बादलीत टाकण्याआधी हे स्वतःच खिसा उलटा करत. विमान सुटलं, टेबलावरची नोकरी आली, रिटायर झाले, तरी खिसा उलटाच. 'माझं चुकलं' हे दोनच शब्द सांगायचे होते. तो उलटा खिसा रोज दिसायचा आणि मी रोज म्हणायची, उद्या सांगू. हे गेले ते आपल्या पलंगावर, एका मजल्याहूनही कमी उंचीवर.

आता मी मुलीकडे, दिल्लीतच, आर. के. पुरमला. मुलगी-जावई ऑफिसला गेले की घरात मी आणि फ्रिजची घरघर. परवा नातवानं हॉस्टेलवरून फोनवर एक व्हिडिओ दाखवला. शेतावर ड्रोन फवारणी करत होता.

"बघ आजी, बिल्कुल सेफ. आत कोणी बसतच नाही."

"अच्छा," मी म्हटलं. "मग शनिवारी घरी कोण येतं रे?"

"काय आजी, यार!" तो हसला, आणि त्याचा क्लास होता.

मी बाल्कनीत कपडे काढायला गेले. माझेच दोन. ऊन समोरून येत होतं. हात पुढे करून आधी तार चाचपली.