पंपाच्या दोन दांड्या

आदिलाबादेत कचेरीमागं पत्र्याचा मोटारखाना होता, तिथला महिपत मिस्त्री. लेथवर उभा राहिला की हा गडी कुणाला हार जायचा नाही. मोटारीचा एखादा भाग त्याच्या हाती द्या, चार दिवसांनी तो दोन भाग परत करायचा. वर म्हणायचा, "वळखा पाहू, कंपनीचा कोनता?" आणि मिशीत हसायचा. त्या हसण्यानंच त्याचा घात केला, दुसऱ्या कशानं नाही.

निजामी राज्याचं शेवटचं वर्ष होतं. बाहेरून माल यायचा बंद झालेला. पेट्रोल नाही, टायर नाही, सुट्या भागांचं तर नावच नको. कचेरीच्या साहेबाची मोठी काळी मोटार होती. तिच्या पाण्याच्या पंपाची दांडी उद्या मोडली तर हाताशी दुसरी असावी, म्हणून महिपतनं जिनिंग कारखान्याच्या जुन्या लोखंडातून तशीच एक उतरवली. मूळ दांडीवरचा कंपनीचा नंबरसुद्धा तिच्यावर ठोकला. आता नंबराची काय गरज होती, सांगा! पण हौस. दोन्ही घासूनपुसून बाकावर शेजारी ठेवल्या, हात पुसायला वळला, आणि परत पाहतो तर कंपनीची कोणती ते त्यालाच कळेना. स्वारी केवढी खूश झाली! हाताला लागली ती बसवली, उरली ती पेटीत टाकली.

भादव्यात फौज आली आणि राज्य गेलं. त्या धांदलीत साहेबानं आपली किमती सामानाची ट्रंक मोटारीत ठेवून ड्रायव्हर चंपतरावाला एकट्यालाच हैदराबादकडं पाठवलं. तिसऱ्या दिवशी मोटार गुडीहत्नूरजवळ रानात उभी सापडली. दारं उघडी. ट्रंक नाही, चंपतराव नाही. बैल जुंपून ती ओढत आणली.

महिपतनं बॉनेट उघडलं तर पंपाची दांडी मधोमध तुटलेली. पंप थांबला, पाणी उकळलं, इंजिन बंद पडलं. सरळ गोष्ट होती. त्या दिवसांत अशा रानात एकट्या अडकलेल्या माणसाचं लुटारूंनी काय केलं असेल, हेही सांगायला नको. महिपतला वाटलं, कंपनीचं लोखंड थोडंच तुटतं? ही आपलीच. लोक म्हणतील, महिपतनं चंपतरावाला मारलं. त्यानं मुकाट्यानं तुटकी काढली, पेटीतली बसवली, आणि चौकशीवाले आले तेव्हा मोटार चालू करून दाखवली. "गाडीत काही खोट नाही," असं लिहून खाली सही ठोकली. झालं! गाडी धड, ट्रंक गायब, ड्रायव्हर गायब. चंपतराव चोर ठरला.

त्याची बायको राहीबाई चोराची बायको झाली. पाण्यावर गेली की बाया आपापले हंडे उचलून बाजूला सरायच्या. कुंकू लावावं तर हसायच्या, न लावावं तर विचारायच्या. महिपत तिला रस्त्यात पाहायचा आणि गल्ली बदलायचा.

आणि इकडं मोटारखान्यात ते सुरू झालं. चंपतरावाची एक सवय होती. मोटार सुरू करायच्या आधी बॉनेटवर बोटानं दोनदा टकटक करायचा. महिपत लेथवर वाकलेला असला की मागून आवाज यायचा. टक्, टक्. वळून पाहावं तर कोणी नाही. आठ-आठ दिवस जागची न हललेली मोटार भर दुपारी सूं सूं करायची, उकळत्या गंजक्या पाण्याचा वास सुटायचा. एकदा त्यानं रेडिएटरला हात लावला, तर तळव्याला फोड आला. पत्रा तापतो म्हणे! पौषात तापतो काय पत्रा? तुटकी दांडी त्यानं ग्रीसच्या डब्यात बुडवून फळीवर ठेवली होती. तो डबाही हाताला कोमट लागायचा. एवढं झाल्यावर माणसानं तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. आठ वर्षं.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे पडायचं ठरलं. किनवट मुंबईकडं, आदिलाबाद आंध्रात. कचेरीतलं सामान सोपवायच्या याद्या निघाल्या. नव्या साहेबाला जुन्या मोटारींचा भारी शौक. त्यानं हुकूम काढला: काळ्या गाडीतले मिस्त्रीनं केलेले भाग काढा, असली शोधून बसवा, गाडी पहिल्यासारखी करा. महिपतनं इंजिन उतरवून बाकावर खोललं. रिकामा रेडिएटर भिंतीला टेकवला. त्याच सकाळी राहीबाई दारात येऊन उभी राहिली.

"महिपतभाऊ, मी किनवटले भावाकडं चालली. तिकडं मले कोनी चोराची बायको म्हननार नाही. जायच्या आंधी येकच इचारते. गाडीत खोट नवती, हे खरं काय?"

"खरं," असं म्हणायला महिपतनं तोंड उघडलं.

टक्, टक्.

बॉनेट तर केव्हाच काढून बाहेर अंगणात ठेवलेलं. आणि भिंतीचा तो कोरडाठाक रेडिएटर सूं सूं करू लागला. राहीबाई उंबरठा ओलांडून आत आली. "हे त्याहीचं बोट आहे," ती हळूच म्हणाली. तिलाही ऐकू आलं होतं!

महिपतनं फळीवरचा डबा काढला, ग्रीसमधले दोन तुकडे बाहेर घेतले आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "माह्या हातची दांडी तुटली, वहिनी. मी लपवली."

राहीबाई तुकड्यांकडं पाहत राहिली. "तुमचीच कशावरून?"

"माहीच. कंपनीची तुटत नाही. थांबा, दाखवतोच तुमाले."

त्यानं साणेचं चाक फिरवलं. जिनिंगचं साधं लोखंड चाकाला लावलं की ठिणग्या सरळ रेघांसारख्या उडतात. कंपनीच्या पोलादाची ठिणगी मधेच फुटते, तिची फुलं होतात. इतकी वर्षं हे त्याला ठाऊक होतं, पण लावून पाहायची छाती झाली नव्हती. आधी त्यानं इंजिनातून काढलेली धड दांडी लावली. सरळ रेघा. एकही फुटेना. मग तुटका तुकडा टेकवला, आणि सगळीकडं फुलंच फुलं उडाली.

त्यानं पुन्हा लावून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. आठ वर्षं बिनतक्रार चाललेली दांडी त्याची होती. तुटली होती ती कंपनीची.

"काय झालं?" राहीबाईनं विचारलं.

"माही नवती."

"मंग तवाच सांगितलं असतं, तर तुमचं काय झालं असतं?"

"काईच नाही," महिपत म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

राहीबाई रडली नाही. तिनं दोन्ही दांड्या पदरात घेतल्या आणि कचेरीची वाट धरली. महिपत मागून गेला. पेशकार नरसिंगरावांनी जबाब लिहून घेतला, मग चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे असली तुटली, नकली नाही. दुरुस्त, खरं ना?"

"दुरुस्त."

"मग यात तुझा कसूर काय, मिस्त्री? आठ वर्षं कशाला दडवलंस?"

राहीबाई पुढं झाली.

"सांगा न त्याहीले, भाऊ," ती म्हणाली. "माह्या मानसाले चोर काऊन केलं, ते सांगा."