सूर्यभट्टीवरची ताडपत्री

आर. के. पुरमहून निघालो तेव्हा भाऊजी खुशीत होते. ताईचे हे यजमान गुरुग्रामबाहेरच्या एका संशोधन केंद्रात सूर्यभट्टी चालवतात. मी नागपूरला शाळेत विज्ञान शिकवते. नुसत्या उन्हावर लोखंड वितळवणारी ती भट्टी बघायचीच, असं ठरवून यंदा दिल्लीला आले होते.

मेट्रोतून उतरून टॅक्सी केली. “भट्टी उभारली तेव्हा इथे किकर (वेड्या बाभळी) सोडून काही नव्हतं,” भाऊजी म्हणाले. आता दोन्ही अंगांना उंच इमारती. केंद्राबाहेरच्या गाडीवर छोले-कुलचे खाल्ले, आत गेलो, आणि पाहतो तर भट्टीचा मोठा आरसा हिरव्या ताडपत्रीत बांधलेला.

“सामने की सोसायटी से शिकायत आई है, सर,” सुरक्षारक्षक म्हणाला. “आँखों में चौंध (तिरीप) लगती है. बड़े साहब बोले, फिलहाल ढक दो.”

माझं डोकं फिरलं. आरसा आधीचा, इमारत काल-परवाची. रस्ता ओलांडून मी तडक सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंकडे गेले.

बाईंनी थंडगार दिवाणखान्यात बसवलं, चहा मागवला. “हम तो सोलर के फुल सपोर्ट में हैं जी. पर बेडरूम में लाइट आती है.”

“तो पर्दा लगा लीजिए.”

“व्यू देखकर फ्लैट लिया है, पर्दा कैसे लगाएँ?”

कप आपटावासा वाटला. राग गिळून विचारलं, आत जाऊन भट्टी कधी पाहिलीय का? पाहिली नव्हती. मग चला, म्हटलं. बाई लगेच निघाल्या.

भाऊजींनी ताडपत्री सोडली. सपाट आरसा सूर्याकडे वळला, त्याने ऊन समोरच्या खोलगट आरशावर फेकलं, आणि ते सगळं एका रुपयाएवढ्या ठिपक्यात गोळा झालं. तिथली लोखंडी पट्टी लाल झाली, पांढरी झाली आणि पाकासारखी गळाली. ना धूर, ना ज्वाळा. मी श्वास रोखून बघत होते. भट्टीत टिकणाऱ्या विटा, अवकाशयानांची कवचं इथे कशी तपासतात, ते भाऊजी भरभरून सांगत होते. बाईंनी व्हिडिओ काढला, नेमके प्रश्न विचारले आणि मनापासून आभार मानून गेल्या. त्या संध्याकाळी ताईने श्रीखंड आणलं.

परतीच्या गाडीत, मथुरा मागे पडल्यावर ताईचा फोन आला. बाईंनी व्हिडिओ जोडून नवी तक्रार केली होती: लोखंड वितळवणारी वस्तू वस्तीजवळ कशी चालते? भट्टी बंद करायचा आदेश निघाला होता.

“आणि भाऊजी?”

“म्हणतात, बाईंचं एक बरोबर आहे, वस्तीजवळ नकोच. म्हणून तर आम्ही रानात बांधली होती.”

मी फोन ठेवला. माणसाला नीट समजलं की तो आपणहून थोडा सरकतो, असं मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले. सेक्रेटरीबाईंना तर सगळं समजलं होतं.