म्हाताऱ्याचं नाक

आमच्या घरात तेव्हा ऑक्सिजन दोघांना लागायचा. एक दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि दुसरा गाडीला. दादांचा सिलिंडरमधून नळीनं नाकात जायचा. गाडीत तो मोजलाही जातो हे मला गाडी बिघडेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी तर हायस्कूलला विज्ञान शिकवायचो. आठवीच्या फळ्यावर लिहून द्यायचो, ऑक्सिजन हा रंगहीन, गंधहीन, चवहीन वायू आहे. पोरं ते पाठ करायची. मीही कधीतरी पाठच केलेलं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमची वस्ती राहुरीपासून आत, पाटाच्या पलीकडं. जमीन काळी, पाऊस झाला की चप्पल जागेवर राहते आणि पाय पुढं जातो. त्या रस्त्यानं दर आठवड्याला दोन मोठे सिलिंडर नगरच्या एमआयडीसीतून भरून आणायचे असत. टेम्पोवाले पाटापर्यंत यायचे आणि तिथून हात वर करायचे. म्हणून मी ती जुनी जपानी जीप घेतली. परदेशी पैशावर चालणारा कसलासा पाण्याचा प्रकल्प गुंडाळला गेला, त्याच्या सामानाच्या लिलावात ती होती. चारही चाकं ओढणारी, पेट्रोलवर चालणारी, आणि पोटात कसला तरी कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या भीतीनं तिच्यावर कोणी बोली लावेना. मी लावली. बायको म्हणाली, पांढरा हत्ती आणलात दारात. गाडीचा रंग पांढराच होता.

दादांनी साखर कारखान्यात बगॅसच्या ढिगावर, म्हणजे ऊस पिळून उरलेल्या भुशावर, तीस वर्षं काम केलं होतं. तो भुसा त्यांच्या छातीत जाऊन बसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसातले पंधरा तास नळी नाकात पाहिजे, अंगणात फिरण्यापुरती काढली तर चालेल. ओसरीला लागून खोली होती, तिथं खिडकीशी त्यांची कॉट, उशाला सिलिंडर. सिलिंडरला पाण्याची बाटली लावलेली असायची आणि तिच्यात सारखे बुडबुडे येत राहायचे. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो ऐकू यायचाच नाही.

गाडी बघायला राहुरीचे एक मिस्त्री होते. पन्नाशीचे, अंगात निळा शर्ट, बोलणं कमी. शुक्रवारी नमाजाला दुकान बंद करायचे आणि मग कधी कधी लुनावर बसून वस्तीवर यायचे. गाडीचं नाव त्यांनीच ठेवलं, म्हातारा. सकाळी चालू करताना ती आधी खोकायची, मग थुंकायची, मग कुरकुरत निघायची. "उठला का म्हातारा?" असं ते विचारायचे, आणि मीही तसंच बोलायला लागलो. आत एक खोकणारा माणूस असताना अंगणातल्या लोखंडाला ते नाव द्यावं, यात काही वावगं आहे हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दादांना आम्ही कोणी म्हातारा म्हणत नव्हतो. पण त्यांना तरी गाडीचं हे नाव कोणी सांगितलं होतं?

एका उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि विझेना. मागून काळा धूर, पेट्रोल तर पाण्यासारखं जायला लागलं. मिस्त्री शुक्रवारी आले. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर पिशवीत घालून आणला होता. ते गाडीखाली आडवे झाले, सायलेन्सरच्या नळकांड्यात बसवलेल्या एका स्क्रूसारख्या वस्तूला त्यांनी मीटरच्या तारा लावल्या. इंजिन चालू असताना काटा खालीवर हलायला हवा होता. तो शून्याला चिकटून बसला.

ती वस्तू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे ती हुंगते आणि कॉम्प्युटरला सांगते, मग तो पेट्रोल कमीजास्त करतो. मिस्त्री तिला नाक म्हणायचे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं. ते शिसं त्या नाकावर बसतं आणि त्याला वास येईनासा होतो. शिसं नसलेलं पेट्रोल मोठ्या शहरांत नुकतं मिळायला लागलं होतं. राहुरीला कोण आणणार?

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसत ओसरीच्या कट्ट्यावर टेकले. मी शेजारी उभा होतो. आमचं बोलणं झालं ते एवढंच, आणि ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे.

"म्हाताऱ्याचं नाक कामातून गेलंय, सर. ऑक्सिजन घालून उपेग न्हाई का काडून उपेग न्हाई, त्याला कळतच न्हाई."

"नवीन बसवलं तर?"

"नाकापरीस मोती जड हुईल. आन हितलं खाऊन त्ये किती टिकनार, वरीसभर?"

"मग काडूनच टाका," मी म्हणालो. "म्हाताऱ्यावर आता किती खर्च करायचा? चालंल तितके दिवस चालंल."

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला खिडकी होती, आणि ती उन्हाळ्यामुळं सताड उघडी होती. मी तिच्याकडं पाठ करून उभा होतो. मिस्त्रींनी सेन्सरची तार काढून गुंडाळून ठेवली आणि चहा पिऊन गेले.

नाकाशिवाय गाडी अंदाजानं चालायची. फटफट आवाज करायची, मधेच बार काढायची. पाटाच्या वळणावर आली की वस्तीवर ऐकू यायची. बायको कांद्याच्या वाफ्यातून उठून घरी यायची आणि चहा ठेवायची. मी आत शिरायचो तेव्हा चहा उकळत असायचा, दादा कॉटवर टेकून बसलेले असायचे, नाकात नळी, बाटलीत बुडबुडे. सगळं जिथल्या तिथं.

पुढच्या महिन्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती लिहिताना मला लाज वाटते. सिलिंडर जास्त दिवस पुरायला लागले. आठवड्याचे नऊ दिवस झाले, मग अकरा. मला आनंद झाला. वाटलं, दादांची छाती सुधारतेय, डॉक्टरपेक्षा गावची हवा बरी. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी हे फुशारकीनं सांगितलं. दादा मात्र वाळत चालले होते, बोटांची नखं निळसर दिसायची. ते मी उन्हाळ्यावर ढकललं. विज्ञानाचा शिक्षक मी. सिलिंडर पुरतोय आणि माणूस उरत नाहीये, हे साधं गणित मला मांडता आलं नाही.

बायकोनं एकदा सांगितलं होतं. दुपारी वाफ्यातून पाणी प्यायला घरी आले तर दादांची नळी खुंटीला होती, म्हणाली. मी दादांना विचारलं. ते म्हणाले, उकडत हुतं. मी मान हलवली आणि वह्या तपासायला बसलो.

गाडीचा धूर पावसाळ्यात फारच वाढला. अंगणात चालू केली की तो ओसरीत शिरायचा आणि दादांना ढास लागायची. एकदा तर इतकी की बायकोनं माझ्या हातातून गाडीची किल्ली ओढून घेतली. तेव्हा मी ठरवलं, नाक बसवायचंच. कंपनीचं परवडणारं नव्हतं, म्हणून रविवारी पुण्याला जुन्या बाजारात गेलो. तिथं एका दुकानात अपघातात गेलेल्या गाड्यांचे भाग पोत्यात भरून ठेवलेले होते. दुकानदारानं पोतं उलटं केलं. गाडीतला मेलेला सेन्सर काढून मी नमुन्याला नेला होता. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा एक निघाला, आटे तेच, तारही एकच, फक्त टोकाची पिन वेगळी. तो म्हणाला, पिन कापून टाका, तुमची जुनी जोडा. फक्त जोडाला सोल्डरचा डाग देऊ नका. हे बाहेरची हवा तारेतूनच आत घेतं. कथलाचा डाग दिला की गुदमरतं.

मिस्त्रींना ते पटेना. तीस वर्षांत त्यांनी डाग दिल्याशिवाय तार जोडली नव्हती. शेवटी माझ्या हट्टापायी त्यांनी तारा नुसत्या पिळल्या, वर तांब्याची नळी चेपली आणि पट्टी गुंडाळली. मल्टिमीटर लावला. काटा हलला, वर गेला, खाली आला, पुन्हा वर. आम्ही दोघं बराच वेळ तो बघत बसलो. पिवळा दिवा विझला. म्हातारा असा गप चालायला लागला की चालू आहे का बंद हे बॉनेटवर हात ठेवून बघावं लागे. इतक्या स्वस्तात काम झालं म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी दुपारी घरी आलो. पाटाच्या वळणावर गाडीनं कसलाच आवाज केला नाही. अंगणात उतरलो तर चूल थंड, बायको वाफ्यातच होती. मला मजा वाटली. आत जाऊन दादांना सांगायचं होतं की बघा, कळलंसुद्धा नाही मी आलेलो.

खोलीत काही तरी कमी होतं. काय ते मला पटकन कळेना. मग कळलं, बुडबुडे नव्हते. नळी खुंटीला व्यवस्थित गुंडाळून लावलेली होती. सिलिंडर बंद. दादा उशीवर दोन्ही कोपर टेकून, तोंड उघडं ठेवून श्वास ओढत होते. एकेक श्वास वर खेचून घ्यावा लागत होता. त्यांनी मला पाहिलं आणि हात खुंटीकडं गेला, पण तो तिथवर पोचेना.

मी नळी लावली, सिलिंडर उघडला. बरं वाटायला त्यांना पाव तास लागला. मी विचारलं, रोज असं करता का? ते म्हणाले, तुझी गाडी वाजली की लावतो. आज वाजलीच न्हाई.

का, असं मी विचारलं. रागानंच विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तूच म्हनला हुतास ना मिस्त्रीला," दादा म्हणाले. "म्हाताऱ्यावर किती खर्च करायचा. मला पटलं त्ये. म्हनून जपून वापरतो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तक्रार नव्हती. एखाद्या घरगुती बाबीत मुलाचा शब्द खाली पडू दिला नाही, इतकंच होतं.

मी त्यांना सांगितलं, म्हातारा म्हणजे गाडी. नाक म्हणजे गाडीचं नाक. खिशात तो काळा पडलेला जुना सेन्सर होता, तो त्यांच्या हातात दिला. मिस्त्री काय म्हणाले, मी काय म्हणालो, शिसं, धूर, पुणं, सगळं शाळेत शिकवतात तसं समजावून सांगितलं. सांगताना मला काहीच वाटत नव्हतं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. तोंड बोलत होतं आणि मी कुठं तरी बाजूला उभा राहून ऐकत होतो. ते बधिरपण अजून पुरतं गेलेलं नाही.

दादांनी सेन्सर उलटापालटा करून बघितला. त्याच्या टोकाची बारीक भोकं बोटानं चाचपली.

"ह्याला नवं बसावलंस ना?"

"बसवलं."

"मग बरं झालं. लई धूर करत हुतं," ते म्हणाले आणि हसले. माझी सुटका करायची म्हणून हसले. त्यांना माझं म्हणणं पटलं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर पटलं असंच म्हणाले असते.

त्यानंतर दादा दिवाळीपर्यंत होते. सिलिंडर पुन्हा आठवड्यात संपायचे की नाही, हे मी मोजलं नाही. संपला म्हणाले की भरून आणायचो. नगरच्या वाटेवरचा विळद घाट उतरताना गाडी इतकी मऊ चालायची की मागच्या सिलिंडरांचा एकमेकांवर आपटल्याचा आवाजच तेवढा यायचा.

मी एकच केलं. नळी खुंटीला लावलेली मला पुन्हा बघायची नव्हती. म्हणून त्या दिवसानंतर रोज पाटाच्या वळणावर आलो की हॉर्न द्यायला लागलो. लांबलचक, दोनदा. मग गाडी हळू करायचो, त्यांना वेळ मिळावा म्हणून. आत गेलो की नळी नाकात असायची, बाटलीत बुडबुडे असायचे, आणि दादा विचारायचे, आलास का.