दशमीची भरती

कोलशेतच्या खाडीवर पट्टकादंब हंस दिसल्याची नोंद आमच्या पक्षीनिरीक्षण गटाच्या छापील पुस्तिकेत आहे. नोंदीपुढे माझं नाव आहे. ती नोंद खोटी आहे.

हा हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, त्यामुळे चुकायला जागा नाही. उजनीच्या पाण्यावर त्याचे थवे असतात. आमच्या खाडीत मात्र तो गटातल्या कुणीच पाहिला नव्हता. मीही नाही. मी त्याचा फोटो उजनीला काढला होता, बायको नावेत माझ्या शेजारी बसली होती. दोन आठवड्यांनी एका रविवारी वर्तकनगरच्या घरात चहा पिता पिता मी तो गटावर टाकला आणि खाली लिहिलं: आज सकाळी, साडेसात, कोलशेत.

बायकोनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"अहो, हा तर आपण उजनीला बघितलेला."

मी फोन पालथा ठेवला.

"मला कुणी विचारलं तर मी सांगणार," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी खोटं बोलणार नाही."

तिला कुणी विचारलं नाही. आमच्या गटात कुणाच्याच बायकोला कुणी काही विचारत नसे.

हे मी का केलं ते सांगायचं तर एका माणसाबद्दल सांगावं लागेल. तो कोलशेत गावातलाच. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती, ती गेली. मग तो तिथल्याच एका कारखान्यात फिटर म्हणून राबला आणि निवृत्त झाला. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. गटाला खाडी दाखवली ती त्यानं. जुन्या मिठागराच्या बांधावर तो उभा असायचा, हातात शंभर पानी वही. पानाच्या डोक्यावर आधी तिथी, मग भरती-ओहोटीची वेळ, मग पक्षी. वही जागेवरच लिहायची, घरी जाऊन नाही, असा त्याचा नेम. आम्ही त्याला कधीतरी त्यावरून चिडवायचो. तो हसायचा नाही.

मला पक्ष्यांचा नाद लागला तो घराच्या गॅलरीत. समोरच्या इमारतीच्या टाकीवर एक दयाळ रोज पहाटे यायचा आणि शेपटी उभारून असं काही गायचा की हातातला दाढीचा ब्रश तसाच राहायचा. मागच्या उंबरावर तांबट दिवसभर टुक टुक करायचा. त्या वेळी माझ्याकडे कॅमेरा नव्हता, गट नव्हता, आणि मला खरंच आनंद होता. नुसतं बघायचो. तो आनंद मी पुढे कधी गमावला ते नेमकं आठवतं. मी दलदल ससाणा म्हणून एक फोटो गटावर टाकला होता. सगळ्यांनी वाहवा केली. तासाभरानं त्या कोलशेतच्या माणसाचं उत्तर आलं.

"घार आहे ती. ठाण्यात आभाळात बघितलं की घारच दिसते. कॅमेरेवाल्या साहेबांनी मान वर करून बघावी कधीतरी."

लोक खूप हसले. पुढचे कित्येक रविवार मला पाहिलं की कुणीतरी आभाळाकडे बोट दाखवायचं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, ती घारच होती. पण मी त्याला माफ केलं नाही. मनाशी ठरवलं, याच्या खाडीत, याच्या बांधासमोर, यानं कधी न पाहिलेला पक्षी मी दाखवीन. हंसाचा फोटो टाकायचा रविवारही मी निवडून घेतला होता. त्या दिवशी तो दिवा गावी लेकीकडे जाणार होता, आदल्या दिवशीच त्यानं सांगितलं होतं. म्हणजे मी तिथे होतो की नाही, हे सांगायला बांधावर कुणी नव्हतं.

त्या वर्षी गटाची पुस्तिका निघत होती, कोलशेत खाडीच्या पक्ष्यांची. यादी त्यानंच केलेली, त्याच्या वह्यांमधून. मुखपृष्ठावर संकलक म्हणून त्याचं नाव येणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव छापून येतंय, असं तो एकदा कुणाला तरी म्हणाला होता. मी ऐकलं होतं.

हंसाच्या नोंदीचा विषय निघाला तेव्हा गट आमच्या सोसायटीच्या ऑफिसात बसला होता. गटप्रमुख बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, स्वच्छ बोलणारा माणूस. त्यानं माझा फोटो मोठा छापून आणला होता. मुखपृष्ठावर हाच घ्यावा असं त्याच्या मनात होतं.

"ही नोंद मी घेणार नाही," वह्यांची पिशवी घेऊन बसलेला तो कोलशेतचा माणूस म्हणाला.

"का बरं?" गटप्रमुखानं विचारलं.

"साडेसातला, असं लिहिलंय ना यानं? त्या दिवशी दशमी होती. दशमीला साडेसातला भरती पुरी असते." मग तो माझ्याकडे वळला. रागावला की त्याच्या तोंडी गावची बोली यायची. "तुजा हंस चिखलान उभा हाय. खाडी भरलेली, आनि चिखल कुठनं आला? पाण्यावर तरंगत होता काय?"

मी भरतीचा विचारच केला नव्हता. सहा-सात वर्षं मी खाडीवर जात होतो, आणि पाणी कधी येतं, कधी जातं, हे मला माहीत नव्हतं. तो सांगेल त्या वेळी मी जायचो. खोटं बोलायला बसलो तेव्हा सांगायला तो नव्हता.

त्या क्षणी मी कबूल करू शकलो असतो. मी म्हणालो, "म्हणजे आता पक्ष्यांनी पंचांग बघून यायचं का?"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "चिखलान उभा हाय," अगदी त्याच्या सुरात. ते पुन्हा दोघा-तिघांनी म्हटलं. मीही हसलो. त्याच्या बोलीला हसलो, त्याच्या तिथीला हसलो, आणि तो खरं बोलतोय हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

गटप्रमुख समजुतीनं म्हणाला, "घड्याळ पुढेमागे झालं असेल. फोटो तर आहे ना समोर? तुम्ही तिथे नव्हतात, मग नाही कसं म्हणता?"

"मी नव्हतो. पानी होतं."

"हे बघा, यादी एकट्याची नसते. हंस घ्या, नाहीतर संकलनातून बाजूला व्हा."

तो उठला. वह्यांची पिशवी उचलली आणि दारातून निघून गेला. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुस्तिका निघाली. यादी त्याचीच होती, सगळ्यांकडे ती आधीच गेली होती. संकलक म्हणून गटप्रमुखाचं नाव आलं. मुखपृष्ठावर माझा हंस.

पुढच्या हिवाळ्यात एक विचित्र गोष्ट घडली. गटातल्या एका जोडप्याला तोच हंस कोलशेतला दिसला. उडताना, लांबून, पण नक्की तोच. मग एका डॉक्टरला दिसला. मग खुद्द गटप्रमुखाला. प्रत्येकानं मला खास फोन करून सांगितलं. मी अभिनंदन केलं. घरी बायको भाजी चिरत म्हणाली, "बरे दिसतात हो सगळ्यांना. मला नाही दिसायचे, मी उजनीला बघून आलेय ना."

त्यानंतरच्या पौषात, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, मी एकटाच बांधावर गेलो. हल्ली तिथी बघून जायला लागलो होतो, ही माझी शिक्षा म्हणा. ओहोटी होती. चिखल लांबपर्यंत उघडा पडलेला, तिवरांच्या मुळांपलीकडे पाण्याची बारीक पट्टी. बांधावर तो आधीच उभा होता, हातात वही. आम्ही बोलत नव्हतो. मी वीसेक पावलं लांब उभा राहिलो.

तुतवार चिखलात चोची खुपसत पळत होते. त्यांच्या मागे, पाण्याच्या कडेला, एक मोठा राखी पक्षी उभा होता. त्यानं मान वळवली. पांढरं डोकं, दोन काळे पट्टे.

दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं. तोच होता, एकटा, थवा चुकलेला असेल. माझा कॅमेरा गळ्यात होता. तो उचलायला हात झाला नाही. मी बाजूला, त्या माणसाकडे पाहिलं. त्याचीही दुर्बीण तिथेच लागलेली होती. बऱ्याच वेळानं त्यानं ती खाली घेतली, वही मिटली आणि पेन खिशात घातलं.

मी जवळ गेलो. "तुम्ही पाहिलात ना?"

"डोळे हायत मला."

"मग लिहीत का नाही?"

"कसं लिहू?" त्या बैठकीनंतर तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "मी हंस लिहिला तर तू खरा ठरतोस."

"माझा खोटा होता," मी म्हणालो. "उजनीचा."

"ते मला सांगू नको. मला दशमीपासून ठाऊक हाय. ज्यांच्या पुढ्यात हसलास त्यांना जाऊन सांग."

हंस तेवढ्यात उडाला, आमच्या डोक्यावरून, घोडबंदरच्या दिशेनं. आम्ही दोघं वर बघत होतो. इतका सुंदर पक्षी इतक्या जवळून मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्या वेळी मला फक्त तो जावा असं वाटत होतं.

त्याच दुपारी मी गटावर सगळं लिहिलं. फोटो उजनीचा आहे, वेळ खोटी आहे, दशमीबद्दल तो बरोबर होता, त्याची माफी मागा, पुढच्या आवृत्तीत नोंद काढा. मला शिव्या पडतील असं वाटलं होतं. पडल्याही, पण निराळ्याच.

"मग आम्ही काय पाहिलं?" डॉक्टरनं लिहिलं. "आम्ही खोटारडे का?"

जोडप्यातल्या बाई म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा. आम्हाला दिसलाय."

गटप्रमुखानं मला फोन केला. "तुम्ही खोटे असाल, हंस खरा आहे. तीन नोंदी आहेत. तुमचं नाव काढतो, हंस राहील." संध्याकाळपर्यंत मला गटातून काढलं होतं. त्याची माफी कुणीच मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोलशेतला त्याच्या घरी गेलो. त्यानं आत बोलावलं नाही. ओट्यावर उभा राहूनच ऐकून घेतलं.

"मी सगळ्यांना सांगितलं," मी म्हणालो. "आता तुम्ही लिहा. काल आपण दोघांनी पाहिला. मी साक्षीला आहे."

"तू साक्षीला," तो म्हणाला, आणि आत जाऊन वही घेऊन आला. कालचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. वर प्रतिपदा. खाली ओहोटीची वेळ. तुतवार, शेकाट्या, ढोकरी, दोन बगळे. मग रेघ मारून पान संपवलं होतं.

"काल नाय लिहिलं," तो म्हणाला. "आता घरी बसून कालचं लिहू? तुझ्यासारखं?"

त्यानं वही मिटली आणि दार लावून घेतलं.