चौदा एप्रिलच्या पहाटे, ग्राऊस बघायला

यंदा जयंतीला भाषण करणार नाही असं पप्पांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मला वाटलं, मंडळात कोणाशी तरी बिनसलं असणार. चाळीसेक वर्षं लंडनच्या स्टॅनमोरमधल्या आमच्या भीमजयंतीचं शेवटचं भाषण पप्पांचंच. ते नसेल तर लोक खीर तरी कशाला खातील?

“बिनसलं नाही गं,” पप्पा म्हणाले. “कागद वाचता येत नाही आता. डोळ्याच्या मधोमध डाग धरलाय. शब्दावर नजर ठेवली की शब्दच गायब.” मग थोडं थांबून म्हणाले, “एप्रिल मोकळाच आहे, तर ते ग्राऊस बघून घेऊ का? नंतर काय दिसेल, काय नाही.”

आता हे ग्राऊस म्हणजे काय ते सांगते. ब्लॅक ग्राऊस हा कोंबडीएवढा रानपक्षी. नर, ज्याला इथे ब्लॅककॉक म्हणतात, निळसर काळा, डोळ्यांवर लालभडक भुवया, शेपटीखाली पांढरा पिसारा. वसंतात रोज पहाटे सगळे नर एका ठरलेल्या माळावर जमतात आणि माद्यांना भुलवायला शेपट्या फुलवून नाचतात. पप्पा नागपूरला अंबाझरी तलावावर पक्षी बघायला लागले, ते इंग्लंडमध्ये आल्यावरही सुटलं नाही. इथले बहुतेक सगळे पक्षी त्यांनी पाहिले. राहिला तो हा एकच, कारण हा नाचतो नेमका एप्रिलच्या मध्यावर, आणि पप्पांचा एप्रिल म्हणजे हॉलचं बुकिंग, खुर्च्या, निळे झेंडे, वक्त्यांची मनधरणी. आई होती तेव्हा म्हणायची, “तुमच्या त्या कोंबड्यांना मे महिन्यात नाचायला सांगा की!”

अशा सहलींच्या जागा हिवाळ्यातच भरतात, त्यामुळे जायचं असेल तर लवकर हातपाय हलवा. आम्हाला कोणीतरी रद्द केलेली जागा मिळाली. वाटाडी केट, साठीतली बाई, उत्तर इंग्लंडमधल्या टीसडेलच्या डोंगरातच वाढलेली. जायचं तिथेच. दिवस मिळाला चौदा एप्रिलचाच. मी घाबरत पप्पांना विचारलं. “चालेल,” एवढंच म्हणाले.

ते ट्रेनने माझ्याकडे लीड्सला आले. मी प्लॅटफॉर्मवर अगदी समोर उभी, आणि हे माझ्या खांद्यावरून पलीकडच्या कॉफीच्या दुकानाकडे बघतायत! हात हलवला तेव्हा कुठे माझ्याकडे आले. मिठी मारली तरी नजर बाजूलाच. म्हटलं, झालं, रुसले. जयंती चुकतेय त्याचा राग निघतोय माझ्यावर. मलाही राग आलाच. इतकं करून, सुट्टी काढून, वर तोंड फिरवून घ्यायचं म्हणजे काय!

लीड्सहून ए-वन हायवे धरून स्कॉच कॉर्नरपर्यंत सरळ रस्ता, मग डावीकडे बार्नर्ड कासल, आणि तिथून टीस नदीच्या कडेने वर. पेट्रोल बार्नर्ड कासलच्या आधी भरा. पुढे पंप कमी आणि फोनचा सिग्नल तर जवळजवळ नाहीच. हिरवी कुरणं, दगड रचून केलेल्या कुंपणभिंती, आणि नुकती जन्मलेली कोकरं धडपडत आयांच्या मागे. एरवी पप्पा गाडीत वाट्टेल तितकं बोलतात. या वेळी गप्प. मी तिखटपुऱ्यांचा डबा पुढे केला तर हात आधी डब्याच्या बाजूला गेला, मग डब्यात. तेही मी रागातच बघितलं.

मुक्काम एका छोट्या बी अँड बीमध्ये होता. पहाटे निघायचं असल्याने मालकीणबाई ब्रेकफास्ट आदल्या दिवशीच पॅक करून फ्रिजमध्ये ठेवतात. स्वस्त नाही, पण गाद्या मऊ आणि पाणी कडकडीत गरम. संध्याकाळी पबमध्ये केट भेटली. तिने नियम सांगितले. गाडी तुमचीच, मी मागे बसून रस्ता दाखवीन. एकदा माळासमोर गाडी लावली की दार उघडायचं नाही. काहीही झालं तरी. पक्षी आपणहून उडून गेले की मगच बाहेर. मधेच दार वाजलं तर ते नाच टाकून जातात, आणि अशानेच जागा मोडते.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “ब्लॅककॉकसाठी आलात? माझ्या लहानपणी या अंगाला खूप होते. आता थोडे उरलेत.”

पप्पा म्हणाले, “मला एक दिसला तरी पुरे.”

पहाटे मी थर्मल, दोन स्वेटर, टोपी अशी गाठोडं होऊन खाली आले. जिन्यात पप्पा उभे. वॉटरप्रूफ जॅकेटच्या आत इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि निळा टाय.

“पप्पा, ग्राऊसला काय कळणार आहे?”

“जयंती आहे आज,” ते म्हणाले. “जय भीम.”

“जय भीम, पप्पा.” माझा राग तिथेच अर्धा ओसरला.

केटने सांगितलं तशी मी माळाच्या तोंडावर गाडी लावली, इंजिन बंद केलं, काचा बोटभर खाली. थंडी अशी की बोटं वळेनात. हीटर नाही, दिवा नाही. मग अंधारातूनच आवाज सुरू झाला. चुलीवर वरण खदखदावं तसा, सलग, कुठून येतोय कळेना. मधेच फिस्स करून कुकरची वाफ सुटावी तसं. पप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

उजाडलं तसे ते दिसू लागले. काळे, फुगलेले, शेपट्यांचे पंखे फुलवून एकमेकांवर धावून जाणारे. केट मागून कुजबुजली, “ब्यूटिफुल मॉर्निंग, पेट.” ‘पेट’ म्हणजे इकडचं लाडाचं ‘बाळा’. मी पप्पांच्या हातात दुर्बीण दिली. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर पेशंटना मान सरळ ठेवा, समोर बघा हेच सांगते.

“समोर बघा पप्पा. भिंतीच्या अलीकडे. अहो, मान वळवू नका, सरळ!”

त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, परत लावली. मग मांडीवर ठेवली आणि तोंड माझ्याकडे फिरवलं. सत्तरी केव्हाच उलटलेला माणूस, आयुष्यभर या सकाळची वाट बघितली, आणि दिसत नाहीये.

“पप्पा, माझ्याकडे काय बघता? ते समोर आहेत हो.”

“तेच बघतोय.”

“तोंड माझ्याकडे आहे तुमचं.”

“सरळ बघितलं की पुसलं जातं सगळं,” ते हळू आवाजात म्हणाले. “डाग मधे आहे, कडा शाबूत आहेत. तुझ्याकडे तोंड केलं की त्या कडेला पांढरं हलतं. हललं की दिसतं. आता बघ, एक उडी मारली! मारली ना?”

मारली होती. दोन नर समोरासमोर उभे होते आणि त्यातल्या एकाने हातभर उंच उडी घेतली होती.

“मारली, पप्पा.”

ते लहान मुलासारखे हसले. थेट माझ्या तोंडावर हसत होते आणि बघत पक्ष्यांना होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“आणि मी?” मी विचारलं. “मी दिसतेय का?”



“टोपी दिसते. चेहरा नाही गं. थंडीत घरी आली होतीस ना, तेव्हापासून नाही दिसला. म्हटलं, कशाला सांगून तुझ्या जिवाला घोर.”

मला हुंदका आला, आणि रडायला बाहेर जायची सोय नव्हती. दार उघडायचं नाही, आवाज करायचा नाही. टोपी तोंडात धरून रडले मी. मागून केटचा हात खांद्यावर आला. तिला मराठीचा एक शब्द कळला नसेल, तरी आला. पप्पा माझ्याकडे तोंड करून मला सांगत राहिले. आता डावीकडचा हलला. आता दोघं भिडले. मादी आली का गं? नाही आली? तरी नाचतायत बघ, बिचारे.

ऊन माळावर आलं तसे एकेक करून सगळे उडून गेले. तेव्हा आम्ही दारं उघडली. पप्पांनी टायची गाठ नीट केली, रिकाम्या माळासमोर क्षणभर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “चला. जयंती झाली.” फ्लास्कमधला चहा गार झाला होता. तो तसाच प्यालो.

परतीचं त्यांचं तिकीट होतं, पण मी त्यांना ट्रेनने पाठवलं नाही. थेट स्टॅनमोरपर्यंत गाडी चालवली. वाटेत हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून महागडे चिप्स खाल्ले. लीड्सला माझ्याकडे राहायला या म्हटलं, तर नेहमीचंच उत्तर, “बघू.” जे कोणी जाणार असाल त्यांनी जरूर जा. गरम मोजे दोन जोड घाला, केटसारख्या वाटाडीचे नियम पाळा. आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर त्याला सरळ बघा म्हणू नका. त्याला जसं दिसतंय तसं बघू द्या. लीड्सच्या प्लॅटफॉर्मवर पप्पा रुसले नव्हते. मला शोधत होते. हे माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

घरी पोचल्यावर त्यांचा चहा झाला, औषधं झाली. मी निघाले. पप्पा दारात उभे राहिले आणि त्यांनी तोंड शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे फिरवलं. मी गाडीत बसणार होते, ती तशीच मागे आले. पेव्हमेंटवर उभी राहून दोन्ही हात हलवले. मग मान, मग खांदे, मग सरळ उड्याच मारल्या. समोरच्या बाई पडदा सारून बघत होत्या. बघू देत.

“दिसलीस गं,” पप्पा कुंपणाकडे बघत म्हणाले. “दिसलीस. जा आता.”