हिरव्या पट्ट्याचा ड्रम

वंदना मॅडम हरल्या.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी फुलंब्रीला त्यांच्या घरी पुण्यानुमोदन होतं. त्रिशरण-पंचशील झालं, मग चारजण बोलायला उभे राहिले. "ताईंचं कार्य कायम राहील," असं प्रत्येकजण म्हणाला.

मी मागं बसून ऐकत होते आणि मला नुसता राग येत होता.

काय राहिलंय ते मला माहीत आहे. काहीच नाही.

मॅडमना न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. वाळूजला आमची लॅब आहे, कारखान्यांचा कचरा तपासणारी. मॅडम तिथं सीनियर केमिस्ट, मी त्यांच्या हाताखाली. नमुना येतो, आम्ही तपासतो आणि ठरवतो: ह्यातून काही परत मिळवता येईल, हा भट्टीत जाळायचा, हा खड्ड्यात पुरायचा.

खड्डा म्हणजे लँडफिल. रिपोर्टवर तो शेरा लिहायची वेळ आली की मॅडमचं तोंड कडू व्हायचं.

"अगं, हा खड्डा भरला की दुसरा खणतील. तो काय हवेत खणणारेत? कुणाच्या तरी रानाला लागूनच ना!"

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला मशीनला हातसुद्धा लावू दिला नाही. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, त्यावर गाळाचा ढीग केला आणि त्याचे चार भाग पाडले. समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेले दोन एकत्र करायचे, पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी मूठभर उरतं, तोच अख्ख्या ढिगाचा नमुना.

मी लासूर स्टेशनची. म्हटलं, "मॅडम, आमच्या मोंढ्यात पोत्यात सळई खुपसतात, निघाले तेवढे दाणे बघतात आन् भाव सांगतात."

"म्हणूनच तुमच्या मोंढ्यात रोज भांडणं होतात," म्हणाल्या आणि खुरपं माझ्या हातात दिलं.

तर एक प्लेटिंगचा, म्हणजे लोखंडावर मुलामा चढवणारा, कारखाना होता. छोटाच. त्यांचा गाळ वर्षानुवर्षं खड्ड्यात जायचा. मॅडमना त्यात निकेल सापडलं, परत काढण्याजोगं. पण त्यात दुसऱ्या टाकीचं क्रोमियम मिसळलेलं. गाळातून धातू परत काढणारा रिकव्हरीवाला असा मिसळलेला माल घेत नाही.

मॅडम मालकाच्या मागं लागल्या. इतक्या की तो त्यांना बघून फोन कानाला लावायचा. शेवटी तो कंटाळून हो म्हणाला. निकेलचा गाळ वेगळा साठवायचा ठरलं. ड्रमला हिरवा पट्टा मॅडमनी स्वतः मारला, साडीला ऑइल पेंट लागला तो कधी निघाला नाही.

पहिला नमुना आला तो पोपटी हिरवा, स्वच्छ. मॅडम बाटली उजेडात धरून बघत बसल्या.

"ज्योती, हा ड्रम गेला ना, तर शेजारच्या कारखान्यांतले दहाजण विचारतील. एक जाऊ दे फक्त."

रिकव्हरीवाला तयार झाला. दसऱ्यानंतर गाडी पाठवतो म्हणाला. फक्त भरलेल्या ड्रमचा शेवटचा रिपोर्ट द्यायचा होता.

आम्ही दोघी नमुना काढायला गेलो. ड्रमच्या गळ्यात झेंडूचा हार. हळदीकुंकवाची बोटं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बघ, माझ्या ड्रमची पूजा केली."

मग झाकण उघडलं.

आत काळपट चिखल. वर तेलाचा तवंग आणि झेंडूच्या पाकळ्या.

सुपरवायझर भाऊ प्रसादाचे पेढे घेऊन आले. एकदम खुशीत. "मॅडम, खंडेनवमीला पूजा व्हती ना. शेठ म्हणले फ्लोअर चकाचक पायजे. मग इकडचं तिकडचं सगळं ह्याच ड्रममधी ओतलं. तुमचा ड्रम लई मजबूत. एक थेंब सांडला नाय बघा."

त्यांचा काय दोष? पूजेला घाण चालत नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

मॅडमनी पेढा घेतला. खाल्लासुद्धा. मग प्लास्टिक अंथरलं, ढीग केला, चार भाग पाडले. सगळं नेहमीसारखं. मी म्हटलं, "मॅडम, दिसतंय की, कशाला?"

"दिसतंय म्हणून रिपोर्ट लिहीत नसतात गं."

तपासलं. दिसत होतं तेच निघालं. शेरा लिहिला: खड्डा. सही त्यांचीच.

मालक म्हणाला, "जाऊ द्या हो मॅडम, पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष मॅडमना मिळालं नाही. त्या थंडीत ब्रेन हॅमरेज झालं, दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ड्रममुळं गेल्या असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर त्यांनी कुठल्याच मालकाला फोन केला नाही, हे मी पाहिलंय.

तो ड्रम अजून तिथंच आहे. त्यात आता झाडू ठेवतात. विचारणारे दहाजण कधी आलेच नाहीत.

आज फुलंब्रीहून मी सरळ ड्युटीवर गेले. मुदत संपलेले जुने नमुने कपाटातून काढायचे होते. नियम आहे.

त्यात ती बाटली निघाली. पहिल्या नमुन्याची. लेबलवर मॅडमचं अक्षर. आतला गाळ सुकून आक्रसलाय, पण रंग तोच.

मी रिकव्हरीवाल्याला फोन लावला. वेड्यासारखा. एवढ्याशा बाटलीसाठी कोण गाडी पाठवतं? तो हसला नाही, हेच त्याचे उपकार.

लॅबचा जुना नमुना म्हणजे कचराच. त्यालाही शेरा लागतो. मॅडम नाहीत, म्हणून आता तो मी लिहिते.

लिहिला. खड्डा.

सकाळी तिथं बोलायला मी उठले नाही. काय बोलणार होते? म्हणून इथं लिहितेय.

मॅडम, तुमचं बरोबर होतं. बाटली खड्ड्याच्या कचऱ्यात रिकामी करताना मी पाहिलं. आतलं निकेल अजून हिरवंच होतं.

जय भीम, मॅडम.